अपडेटसाठी डिस्कचा बांध कुणी सरकवायचा?

दिवाळीच्या सुट्टीत माझ्या मावसभावाने व्हॉट्सअॅपवर एक फोटो पाठवला. लॅपटॉपच्या स्क्रीनचा, फोननेच काढलेला, तिरका. त्याने विंडोज ११ टाकायला घेतलं होतं आणि मध्येच संदेश आला होता की सिस्टम रिझर्व्हड पार्टिशन अपडेट करता आलं नाही. खाली प्रश्न होता: "दादा, नेटवर म्हणतायत जागा कमी आहे. पण सी ड्राइव्हमध्ये ११० जीबी मोकळे आहेत! पार्टिशन मोठं करू का? यूट्यूबवर सहा मिनिटांचा व्हिडिओ आहे."

मला त्या सहा मिनिटांची भीती वाटली. लगेच फोन लावला आणि म्हटलं, "काहीही दाबू नकोस. आधी सगळं बंद कर."

हा प्रश्न एकट्या त्याचा नाही. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा नेहमीचा मोफत सपोर्ट संपला. ज्यांचा लॅपटॉप विंडोज ११च्या अटींत बसतो ते तिकडे निघालेत. ज्यांचा बसत नाही त्यांच्यासाठी एक्स्टेंडेड सिक्युरिटी अपडेट्स नावाची सोय आहे. १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत फक्त सुरक्षेची अपडेट्स येत राहतील. दोन्ही वाटांवर जुना लॅपटॉप एकाच जागी अडकू शकतो: डिस्कवरच्या एका छोट्याशा पार्टिशनवर, ज्याचं नावही वापरणाऱ्याने कधी ऐकलेलं नसतं. ते मोठं कसं करायचं याचे व्हिडिओ ढिगाने सापडतील. ती वेळ मुळात तुमच्यावर का यावी, याबद्दल मात्र फारसं कुणी बोलत नाही.

माझं मत आधीच सांगून टाकतो. डिस्कची वाटणी तुम्ही केलेली नसते, तुकड्यांचे आकार तुम्ही ठरवलेले नसतात. ते कमी पडल्यावर दुरुस्तीचं काम तुमच्या गळ्यात घालणं हा सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांचा, म्हणजे माझ्याच धंद्याचा, आळस आहे. आणि हे टाळता येतं, याचा पुरावा तुमच्या खिशातच आहे. त्याच्याकडे येतोच, पण आधी लॅपटॉप.

सी ड्राइव्हच्या आजूबाजूला

लॅपटॉपमध्ये एसएसडी सहसा एकच असते, पण तिच्यावर वाटण्या पाडलेल्या असतात. एकाच शेतात बांध घालून तुकडे करावेत तशा. रिकाम्या डिस्कवर विंडोज नव्याने टाकलं की साधारण चार तुकडे पडतात. पहिलं ईएफआय सिस्टम पार्टिशन, बऱ्याच मशीन्सवर जेमतेम १०० एमबीचं. लॅपटॉप सुरू होताना सगळ्यात आधी इथल्या फाइल्स वाचल्या जातात. त्याला लागून १६ एमबीचा एक राखीव तुकडा, त्यात आपल्या कामाचं काही नसतं. मग ऐसपैस सी ड्राइव्ह. आणि शेवटी काही शे एमबीचं रिकव्हरी पार्टिशन. लॅपटॉप कंपनीने आधीच विंडोज टाकून दिलं असेल तर आकडे आणि क्रम थोडे बदलतात, आणि कंपनीचे स्वतःचे एक-दोन तुकडेही मध्ये घुसवलेले असतात.

फाइल एक्स्प्लोररमध्ये यातला फक्त सी दिसतो. म्हणून माझ्या भावाला ११० जीबी दिसत होते आणि तरीही अपडेटला जागा नव्हती. अपडेटला हवे होते काही एमबीच, पण ते पहिल्या तुकड्यात. शेजारच्या वावरात कितीही पडीक जमीन असली तरी तुमच्या तुकड्यात विहिरीला जागा नसेल तर नाहीच.

मग बांध सरकवता येतो का? येतो, पण कुठला बांध आहे त्यावर सगळं अवलंबून आहे. सी ड्राइव्ह शेवटच्या टोकाकडून आखडता येतो, विंडोजमध्येच तशी सोय आहे. त्यामुळे रिकव्हरी पार्टिशन सीच्या नंतर असेल तर त्याच्यासाठी जागा काढणं त्यातल्या त्यात सोपं. पण ईएफआय पार्टिशन सीच्या आधी असतं. ते मोठं करायचं तर सी ड्राइव्हची सुरुवात पुढे ढकलावी लागते. म्हणजे त्यातला दोन-तीनशे जीबीचा सगळा माल उचलून थोडा पुढे मांडायचा. विंडोजची स्वतःची साधनं हे करतच नाहीत, दुसरं सॉफ्टवेअर लागतं. सहा मिनिटांच्या व्हिडिओत नेमकं हेच दाखवतात. आणि तो माल हलत असताना लाईट गेली तर काय, हे दाखवत नाहीत.

रिकव्हरी पार्टिशनबद्दल थोडं जास्त सांगायला हवं, कारण पुढची गोष्ट त्याचीच आहे. विंडोज सुरूच झालं नाही की एक निळी स्क्रीन येते आणि 'ट्रबलशूट', 'स्टार्टअप रिपेअर', 'रीसेट धिस पीसी' असे पर्याय दिसतात. ते सगळं म्हणजे एक वेगळं, लहानसं विंडोज असतं आणि ते बहुतेक वेळा या पार्टिशनमध्ये राहतं. त्याला वेगळं घर का? कारण बिटलॉकर चालू असेल तर सी ड्राइव्ह कुलूपबंद असतो. प्रथमोपचाराची पेटी कुलपाच्या आत ठेवून चालत नाही.

तिचा उपयोग आपण सगळ्यांनी १९ जुलै २०२४ला पाहिला. क्राउडस्ट्राइकच्या एका बिघडलेल्या अपडेटने जगभरातली सुमारे ८५ लाख विंडोज मशीन्स आडवी केली. आकडा मायक्रोसॉफ्टचाच. आपल्याकडच्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले, त्यांचे फोटो तुम्हीही फॉरवर्ड केले असतील. त्या मशीन्स उठवायला लोकांनी याच रिकव्हरीतून किंवा सेफ मोडमधून शिरून एक फाइल उडवली. उलटा अनुभव ऑक्टोबर २०२५चा. विंडोज ११च्या त्या महिन्याच्या अपडेटनंतर रिकव्हरीच्या स्क्रीनवर यूएसबी माऊस आणि कीबोर्डच चालेनात. पेटी हाताशी, पण झाकण उघडेना. मायक्रोसॉफ्टने २० ऑक्टोबरला तातडीचं वेगळं अपडेट काढून ते दुरुस्त केलं.

जानेवारी २०२४मध्ये काय झालं

९ जानेवारी २०२४ला विंडोज १०साठी केबी ५०३४४४१ नावाचं अपडेट आलं. कारण फालतू नव्हतं. सीव्हीई-२०२४-२०६६६ या क्रमांकाची एक त्रुटी सापडली होती. लॅपटॉप हातात असलेला माणूस रिकव्हरीच्या वाटेने बिटलॉकरला बगल देऊन आतल्या डेटापर्यंत पोचू शकत होता. लॅपटॉप चोरीला गेला तरी डेटा सुरक्षित राहावा, यासाठीच तर बिटलॉकर असतं. तेव्हा ही फट बुजवणं गरजेचंच होतं.

फट रिकव्हरीच्या आत होती, म्हणून तिथली फाइल बदलावी लागणार होती. त्यासाठी त्या पार्टिशनमध्ये २५० एमबी मोकळी जागा हवी होती. आता मूळ पार्टिशनच बऱ्याच ठिकाणी ५०० एमबीच्या आसपासचं आणि त्यातला मोठा भाग भरलेला. २५० एमबी आणायचे कुठून?

लाखमोलाची गोष्ट पुढे आहे. जागा नसल्यामुळे अपडेट अडलं, तर स्क्रीनवर 'जागा नाही' असं यायला हवं होतं. आला ०एक्स८००७०६४३ हा कोड. त्याचा अर्थ एवढाच की इन्स्टॉल करणं फसलं. का फसलं, कुठे फसलं, काही नाही. मायक्रोसॉफ्टने पुढे स्वतःच सांगितलं की एरर कोड हाताळण्यातल्या चुकीमुळे 'डिस्कवर पुरेशी जागा नाही' या अर्थाच्या संदेशाऐवजी हा कोड दिसतोय.

असा कोड दिसल्यावर साधा माणूस काय करणार? रीस्टार्ट करणार. पुन्हा अपडेट दाबणार. मग कुणीतरी 'जागा कमी असेल' म्हणालं की सी ड्राइव्ह साफ करायला बसणार, फोटो आणि पिक्चर पेनड्राइव्हवर हलवणार. त्याने काडीचाही फरक पडणार नव्हता, कारण अडचण बांधाच्या पलीकडे होती. शेवटचा उपाय म्हणजे गल्लीतल्या दुकानात जाऊन फॉरमॅट.

मायक्रोसॉफ्टने यावर उपाय म्हणून एक पान दिलं. ते मी ऑफिसात चहा पिता पिता वाचलं आणि चहा तसाच राहिला. कमांड प्रॉम्प्ट अॅडमिनच्या हक्काने उघडा. रिकव्हरी बंद करा, म्हणजे तिची फाइल सी ड्राइव्हवर परत येते. डिस्कपार्ट नावाच्या कमांडमध्ये शिरा. सी ड्राइव्ह २५० एमबीने आखडा. जुनं रिकव्हरी पार्टिशन उडवा. मोकळ्या जागेत नवं, मोठं पार्टिशन तयार करा आणि त्याला बत्तीस अक्षर-आकड्यांचा एक ओळखक्रमांक द्या. मग फॉरमॅट करा, रिकव्हरी पुन्हा चालू करा.

(या कमांड मी इथे मुद्दाम छापत नाही. करायचंच असेल तर मायक्रोसॉफ्टच्या मूळ पानावरूनच कॉपी करा. कुणाच्याही लेखातून नको, माझ्याही नको.)

डिस्कपार्ट फार विचारत बसत नाही. चुकीचा क्रमांक निवडून 'उडव' म्हटलं की उडवतं. त्यातून पार्टिशन उडवण्याच्या कमांडला 'ओव्हरराइड' हा शब्द जोडायला सांगितलेला, म्हणजे जे काही संरक्षण असतं तेही बाजूला. पार्टिशन ३ आणि पार्टिशन ४ यांच्यात फरक एका आकड्याचा, आणि त्यातलं एक म्हणजे तुमचा सी ड्राइव्ह. आम्ही ऑफिसात सर्व्हरवर असलं काही करायचं तर आधी बॅकअप, मग दोघांनी मिळून कमांड वाचायची, मग एंटर. हेच काम घरोघरच्या लोकांना एका वेबपेजच्या भरवशावर सांगितलं गेलं.

नंतर एक तयार स्क्रिप्टही आली, पण तीही कुणाला तरी हातानेच चालवावी लागणार. २०२४च्या एप्रिल-मेच्या सुमारास मायक्रोसॉफ्टने स्पष्ट केलं की पुढच्या कुठल्या अपडेटमधून हा प्रश्न आपोआप सुटणार नाही, हाताने करावं लागेल. ऑगस्टमध्ये ती जुनी अपडेट्स मागे घेऊन त्यांच्या जागी नवी आणली गेली. पुढे एप्रिल २०२५मध्ये रिकव्हरीच्याच दुसऱ्या एका अपडेटला पुन्हा तोच ०एक्स८००७०६४३ दिसायला लागला. या खेपेस मायक्रोसॉफ्टचं म्हणणं होतं की हा एरर खरा नाही, लक्ष देऊ नका. एकाच कोडचा अर्थ एका वर्षी 'डिस्क फोडून जोडा' आणि पुढच्या वर्षी 'काही नाही, झोपा'. लांडगा आला रे आला ही गोष्ट आपण पहिली-दुसरीत ऐकलेली असते.

आणखी एक. ज्यांच्या मशीनवर रिकव्हरी चालूच नव्हती त्यांना या अपडेटची गरजच नव्हती. मायक्रोसॉफ्टने तसं लिहिलंही होतं की अशांनी एररकडे दुर्लक्ष करावं. तरी अपडेट त्यांनाही येत होतं आणि फसत होतं. ज्यांच्याकडे बिटलॉकर किंवा डिव्हाइस एनक्रिप्शन बंद आहे त्यांच्याबाबत तर मला हसू आलं. त्यांच्या लॅपटॉपची एसएसडी काढून दुसरीकडे लावली तरी सगळं वाचता येतं. दाराला कुलूपच नाही आणि कुलपाची फट बुजवायला भिंत पाडा म्हणतायत.

आपोआप का नाही केलं?

मायक्रोसॉफ्टची बाजूही मला कळते. जगातल्या सगळ्या विंडोज मशीन्सवर रात्री गुपचूप पार्टिशन आखडायचं, उडवायचं, बनवायचं. कुणाची डिस्क म्हातारी असेल, कुणी लिनक्स शेजारी टाकलेलं असेल, कुणाची वीज जाईल. दर हजारात एकाचं जरी बिघडलं तरी आकडा भयंकर होतो. महिन्याच्या अपडेटमध्ये ही जोखीम मी मॅनेजर असतो तर मीही घेतली नसती.

पण मग तीच जोखीम, अनुभव शून्य असलेल्या माणसाकडे सरकवल्याने कमी होते का? वाढते. फक्त तिची नोंद कंपनीच्या खात्यात होत नाही. शिवाय हे काम विंडोजला येतच नाही असंही नाही. विंडोजची मोठी आवृत्ती बदलते तेव्हा, रिकव्हरीला जागा कमी पडली तर सेटअप प्रोग्राम स्वतः सी ड्राइव्ह थोडा आखडतो आणि मागे नवं रिकव्हरी पार्टिशन बनवतो. तुमच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये दोन-दोन रिकव्हरी पार्टिशन्स दिसत असतील तर बहुतेक त्याचंच हे कारण.

वीज जाण्याचं मी उगाच म्हणत नाही. २०१८ला, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असताना मला उबंटू हवं होतं. घरी मिरजेला एकच लॅपटॉप, बॅटरी मेलेली, चार्जर लावून चालवायचो. लिनक्सला जागा पुढच्या बाजूला हवी म्हणून मी सी ड्राइव्हची सुरुवात सरकवायला लावली. स्क्रीनवर 'दोन तास बाकी' असं दिसत होतं. चाळीस मिनिटांनी लाईट गेली. आली तेव्हा लॅपटॉपला सी ड्राइव्ह नावाचं काही सापडत नव्हतं. माझं काय, दोन असाइनमेंट आणि गाणी. पण त्यात आईने तीन वर्षं बसून टाइप केलेला बचतगटाचा हिशेब होता. कुणी किती भरले, कुणाचं कर्ज किती उरलं, चौदा बायकांचं सगळं. आई एका शब्दाने बोलली नाही. जुन्या वह्या काढल्या आणि रोज रात्री जेवणं आटपल्यावर पुन्हा टाइप करायला बसली. मी शेजारी बसून आकडे वाचून दाखवायचो. तीन आठवडे लागले, आणि एका महिन्याची नोंद वहीतही नव्हती, तिथे आईने स्वतःच्या पदरचे पैसे घातले.

चूक माझी होती, शंभर टक्के. बॅकअप घेतला नव्हता. पण तेव्हा मी ते हौसेने करत होतो. एखाद्याने सुरक्षेचं अपडेट घ्यायचं म्हणून, सांगितलं तसं वागून, हे भोगावं हे मला पटत नाही.

आता तुमच्या खिशातलं

तुमच्या फोनमध्येही पार्टिशन्स आहेत, लॅपटॉपपेक्षा कितीतरी जास्त. बूट, सिस्टम, व्हेंडर, तुमचा डेटा, असे बरेच तुकडे. आणि फोनवाल्यांनाही हीच ठेच लागली होती. डिसेंबर २०११मध्ये सॅमसंगने सांगितलं होतं की गॅलेक्सी एसला अँड्रॉइड ४ देता येणार नाही, कारण कंपनीचा टचविझ आणि नवं अँड्रॉइड दोन्ही मावतील इतकी मेमरी त्यात नाही. तेव्हा तो फार खपलेला फोन होता. कारखान्यातून निघताना जे माप ठरलं, तेच फोनचं आयुष्य ठरवत होतं.

यावर गुगलने वापरणाऱ्याला कमांड दिल्या नाहीत. २०१६च्या अँड्रॉइड ७मध्ये ए-बी अपडेट्स आली. सिस्टमच्या दोन प्रती ठेवायच्या, एक चालू असताना दुसरीवर अपडेट टाकायचं, रीस्टार्टला अदलाबदल. नवी प्रत चालू झाली नाही तर जुनी आहेच. मात्र दोन प्रती म्हणजे जागा जास्त. मग २०१९ला अँड्रॉइड १०मध्ये डायनॅमिक पार्टिशन्स आली. सिस्टम, व्हेंडर वगैरेंना प्रत्येकी पक्का बांध घालण्याऐवजी 'सुपर' नावाचं एकच मोठं पार्टिशन ठेवायचं, आणि आतल्या वाटण्या फक्त एका यादीत लिहून ठेवायच्या. एखादी वाटणी वाढवायची तर माल हलवायची गरज नाही, यादी बदलली की झालं. सातबारावर नोंद बदलावी, शेतात कुदळ न लावता. ती नोंदही अपडेट आपणच बदलतं, तुम्हाला विचारतही नाही.

अँड्रॉइड ११मध्ये यांची जोड घातली गेली: दुसरी अख्खी प्रत ठेवण्याऐवजी जे बदललं तेवढंच बाजूला साठवायचं, आणि 'सुपर'मध्ये जागा पुरली नाही तर तुमच्या डेटाच्या भागातली थोडी तात्पुरती उसनी घ्यायची. अपडेटच्या वेळी फोन 'इतके जीबी मोकळे करा' म्हणतो त्याचं एक कारण हे. आणि फरक बघा, फोनमध्ये फोटो उडवले की अडचण खरोखर सुटते.

अॅपलनेही २०१७मध्ये एपीएफएस आणलं तेव्हा तोच विचार केला होता. एका कंटेनरमध्ये अनेक व्हॉल्यूम्स, मोकळी जागा सगळ्यांची सामाईक. लिनक्समध्ये एलव्हीएम तर त्याहून जुनं. म्हणजे कल्पना नवीन नाही, गुपितही नाही. जुन्या पीसींचा प्रचंड पसारा सांभाळताना विंडोजला हे अवघड जातं, हे मान्य. तरी १०० एमबीचं ईएफआय पार्टिशन इतकी वर्षं तसंच ठेवणं, एक टीबीच्या एसएसडीवरसुद्धा, याला पसाऱ्याचं कारण पुरत नाही.

भावाच्या लॅपटॉपचं काय केलं

पार्टिशनला हात लावला नाही. त्याचं ईएफआय पार्टिशन भरलं होतं ते लॅपटॉप कंपनीच्या एका टूलने तिथे ठेवलेल्या बायोसच्या जुन्या प्रतींमुळे. कंपनीचं नाव घेत नाही, हे प्रकार बरेच जण करतात, काही अँटिव्हायरसही तिथे लिहून ठेवतात. त्या प्रती उडवायचा मोह झाला, पण बायोसशी खेळ नको. मायक्रोसॉफ्टच्याच मदतपानावर दुसरा मार्ग आहे: त्या पार्टिशनमध्ये बूटच्या वेळी लागणाऱ्या फाँट्सचा एक फोल्डर असतो, तो रिकामा केला की साधारण १५ एमबी मोकळे होतात आणि अपडेटला तेवढे पुरतात. आम्ही व्हिडिओ कॉल लावून ते केलं. कमांड चारच होत्या, पण प्रत्येक कमांडला तो मोठ्याने वाचायचा आणि मी 'हो' म्हटल्यावरच एंटर. विंडोज ११ त्या रात्री बसलं.

त्याआधीचा दीड तास मात्र वेगळ्याच कामात गेला, आणि तुम्हीही तो घालवा. आधी बॅकअप: कॉलेजचा फोल्डर आणि फोटो बाहेरच्या हार्ड डिस्कवर, आणि ती डिस्क काढून कपाटात. लॅपटॉपला लावून ठेवली तर डिस्कपार्टच्या यादीत तीही येते आणि 'डिस्क ०' की 'डिस्क १' हा घोळ होतो. मग सेटिंग्जमध्ये जाऊन एनक्रिप्शन चालू आहे का ते बघितलं. त्याला वाटत होतं बंद आहे, चालू निघालं. हल्ली मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन केलं की बऱ्याच लॅपटॉपवर ते आपोआप सुरू होतं, आणि विंडोज ११ची २४एच२ आवृत्ती नव्याने टाकली तर आणखीनच. अशा वेळी बूटच्या भागात काही बदललं तर लॅपटॉप ४८ आकडी रिकव्हरी की मागू शकतो. ती की तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये सापडते, पण फोनवर आधी उघडून बघा. क्राउडस्ट्राइकच्या वेळी कितीतरी लोक याच कीपाशी अडले होते. भावाला त्याच्या अकाउंटचा पासवर्डच आठवत नव्हता, अर्धा तास त्यातच गेला.

रिकव्हरी पार्टिशनसाठी माझा हिशेब असा. एनक्रिप्शन बंद असेल तर २०२४च्या त्या त्रुटीसाठी बांध सरकवायच्या भानगडीत पडू नका. तुमचा डेटा तसाही उघडा आहे, आधी एनक्रिप्शनचा विचार करा. एनक्रिप्शन चालू असेल, लॅपटॉप घेऊन रोज ट्रेनने-एसटीने फिरत असाल आणि त्यात ऑफिसचं किंवा पैशाचं काही असेल, तर अपडेट बसायला हवं. मग बॅकअप घेऊन, बॅटरी भरलेली असताना, कमांड समजणाऱ्या माणसाला शेजारी बसवून करा. आणि लॅपटॉप ऑफिसचा असेल तर ते आयटीवाल्यांचं काम आहे, त्यांना मेल टाका.

विंडोज १०वरच राहणार असाल तर सेटिंग्जच्या अपडेटच्या पानावर एक्स्टेंडेड सिक्युरिटी अपडेट्समध्ये नाव नोंदवा. सेटिंग्जचा बॅकअप मायक्रोसॉफ्ट अकाउंटवर चालू केला तर पैसे लागत नाहीत. तसं नको असेल तर रिवॉर्ड्सचे १००० पॉइंट्स किंवा एकदाच ३० डॉलर, अथवा त्या मोलाचे रुपये. आवृत्ती २२एच२ असायला हवी.

मावशीचा लॅपटॉप याच वर्गातला आहे, विंडोज ११च्या अटींत न बसणारा. ती त्यावर शिकवणीचे पेपर टाइप करते. त्याची नोंदणीही त्याच रात्री करून टाकली. एनक्रिप्शन त्यावर बंद आहे आणि लॅपटॉप घराबाहेर जात नाही, म्हणून पार्टिशन होतं तसंच ठेवलं. पेपरांचा फोल्डर तेवढा दर रविवारी पेनड्राइव्हवर घ्यायला भावाला सांगितलंय.